वरच्या मजल्यावरचा पॉइंट गार्ड

2015 च्या पावसाळ्यानंतर कंपनीने मला नाशिकहून जर्मनीत बाम्बर्गला पाठवलं. सातपूरला आम्ही डिझेल इंजिनांची इंजेक्टर नोझल्स करतो, त्याच कामाचा तिथेही मोठा कारखाना आहे. जाऊन आलेल्यांनी तिथल्या धुरकट चवीच्या बिअरबद्दल भरपूर ऐकवलं होतं. बास्केटबॉलबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. सत्तर-पंचाहत्तर हजार वस्तीचं गाव, आपल्याकडे फार तर तालुक्याचं ठिकाण म्हणू. आणि जर्मनीचं अजिंक्यपद त्या वर्षी याच गावाकडे होतं, तेही बायर्न म्युनिकला हरवून मिळवलेलं.

शिफ्टवरच्या एका वयस्क मेकॅनिकने मला पहिल्यांदा सामन्याला नेलं. सहा हजारांहून जास्त माणसं, कान फुटतील असा ढोल. तो म्हणाला, "बॉलकडे बघू नका, वानामेकरकडे बघा." ब्रॅड वानामेकर, फिलाडेल्फियाचा. 2011 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, साठ नावं पुकारली गेली, त्यात हा नव्हता. मग इटलीतल्या तेरामोसारख्या छोट्या गावापासून सुरुवात करत इथवर आलेला. मी उड्या आणि डंक बघायला गेलो होतो. हा गडी मात्र बचावपटूला पाठीवर घ्यायचा, खांद्याने एकेक पाऊल मागे रेटायचा आणि दुसरा बचावपटू मदतीला सरकला की मोकळ्या झालेल्या सोबत्याच्या हातात अलगद बॉल ठेवायचा. घाई म्हणून नाही. त्या मोसमाअखेर तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अजिंक्यपद पुन्हा बाम्बर्गकडे राहिलं.

पण हे सगळं मला खरं समजलं ते आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलामुळे. तोही अमेरिकन, तोही गार्ड. फक्त खेळायचा जवळच्या एका छोट्या क्लबाकडून, खालच्या लीगमध्ये. त्याची-माझी ओळख टपालामुळे झाली. रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचं पत्र जर्मनीत कोणालाच चुकत नाही. ते घेऊन तो दारात उभा राहिला, मान वाकवून, कारण आमची चौकट त्याला पुरत नव्हती. "तुम्हाला जर्मन येतं म्हणे. हे लोक माझ्याकडे कशाचे पैसे मागतायत?"

पुढे एकदा त्याने त्याचा करारच माझ्यापुढे टाकला. मी आयुष्यभर नोकरी केलेला माणूस, असं नेमणूकपत्र पाहिलं नव्हतं. पगार कर वजा जाता हातात पडणारा. राहायला फ्लॅट, फर्निचरसह. वापरायला गाडी. मोसमाच्या सुरुवातीला येण्याचं आणि शेवटी परत जायचं विमानाचं तिकीट. बढतीच्या सामन्यांत पोचलो तर बोनस. आणि खाली, आल्याबरोबर होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत नापास झालास तर करार रद्द. म्हणजे घर, गाडी आणि पगार, तिन्ही एका गुडघ्यावर उभी. गाडी होती छोटी ओपल, दोन्ही बाजूंना स्थानिक खाटीक आणि टायरवाल्याच्या जाहिराती चिकटवलेली. पुढची सीट पार मागे सरकवूनही गुडघे स्टिअरिंगला लागायचे.

मी त्याला सरळच विचारलं, "एनबीएत जमलं नाही म्हणून इकडे आलास का?" राग आला नाही त्याला. त्याने हिशेब मांडला. तीस संघ, प्रत्येकाकडे कायम करार पंधरा. झाल्या साडेचारशे जागा. त्यातल्या वरच्या ठरलेल्याच. तळाच्या जागांसाठी संघांना लागतो तो एकच ठरावीक काम चोख करणारा, स्वस्त आणि शक्यतो विशीतला पोरगा. घरी राहायचं तर एनबीएचीच दुय्यम, डेव्हलपमेंट लीग. तिथून बोलावणं लवकर येतं, पण तेव्हाचा पगार भाड्यालाही पुरता पुरत नसे. परदेशी यावं तर पैसे बरे, पण नजरेआड.

आपल्याकडे रणजीत वर्षानुवर्षं खोऱ्याने बळी घेऊन कसोटीची टोपी न मिळालेले पद्माकर शिवलकर होतेच की. त्यांना कोणी अपयशी म्हणालं तर मुंबईचा माणूस बाह्या सरसावेल. मग या पोरांना आपण 'एनबीएतून उरलेले' का म्हणावं, हे मला कळत नाही.

उलट बाम्बर्गमध्ये तर इथून एनबीएत गेलेल्यांचे दाखलेच होते. पी. जे. टकरला टोरंटोने 2006 मध्ये निवडलं आणि पहिल्या मोसमातच नारळ दिला. इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली असं फिरत तो बाम्बर्गला आला, 2012 च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम ठरला आणि त्याच वर्षी फिनिक्सने त्याला एनबीएत परत नेलं. 2021 मध्ये मिलवॉकीबरोबर तो एनबीए विजेता झाला. डेरियस मिलर न्यू ऑर्लीन्सने सोडल्यावर इथे आला आणि 2017 मध्ये न्यू ऑर्लीन्सलाच परतला. वानामेकर 2018 मध्ये बोस्टनकडून एनबीएत उतरला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. तिघांनाही तिकडे बोलावलं ते उड्यांसाठी नव्हे. बचाव, शहाणपण आणि कमी बॉल मिळूनही कुरकुर न करणं, या गोष्टी इथे त्यांच्या अंगात मुरल्या होत्या.

अर्थात ही वरच्या फळीची गोष्ट झाली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या क्लबात जानेवारीपासून पगार लांबायला लागला. आधी आठवडा, मग महिना. व्यवस्थापक भेटला की पाठीवर थाप मारून पुढच्या प्रायोजकाचं नाव सांगायचा. एजंट म्हणायचा, खेळत राहा. आकडे खाली आले तर पुढचा क्लब मिळणार नाही. नाताळातही लीग थांबत नाही, त्यामुळे घरी जाणं नाहीच. आईशी बोलायचं तर तिथली संध्याकाळ गाठायला हा मध्यरात्रीपर्यंत जागा; वरून त्याच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. बायकोने एकदा विचारलं, "याला कोणी सांगत का नाही, घरी जा म्हणून?" मी तिला त्याचा सामना बघायला नेलं. शाळेचं जिम, बाकांवर चारेकशे माणसं, आणि हा शेवटच्या मिनिटाला एका साध्या पिक-अँड-रोलवर समोरच्या अख्ख्या बचावाला उजवीकडे खेचून डावीकडे पास देणारा. परतताना तिने तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

उन्हाळ्यात तो लास वेगासला एनबीएच्या समर लीगसाठी गेला. तिथे बहुतेक वेळ बाकावरच बसला. नंतर फिनलंड, मग जपानची दुसरी लीग. अजून तिथेच आहे. क्लबने गाडीऐवजी सायकल दिली आहे म्हणे, आणि पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो.