दोन शोधिकांमधली वाट

खारघर स्टेशनाबाहेर काखेत फाईल आणि एक्स-रेचं पाकीट धरलेली माणसं रिक्षावाले लांबूनच ओळखतात. पत्ता सांगायच्या आत विचारतात, "टाटा?" पावसाळ्यात समोरचा डोंगर ढगात गेलेला असतो आणि ही माणसं मान खाली घालून कागद भिजू नयेत म्हणून धडपडत असतात.

'टाटा' म्हणजे टाटा हॉस्पिटलचं पनवेल तालुक्यातलं हे आवार; कागदोपत्री नाव ॲक्ट्रेक. परळची कर्करोग संशोधन संस्था 2002 मध्ये इथं आली. आवारातली एक इमारत खानोलकर शोधिका, दुसरी पेमास्टर शोधिका. पहिलीत प्रयोगशाळा, दुसरीत रुग्ण. नावंही तशीच वाटून घेतलेली: खानोलकर पॅथॉलॉजिस्ट, पेमास्टर सर्जन.

वसंत रामजी खानोलकर लंडनहून एम.डी. होऊन आलेले. 1941 मध्ये टाटा हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथली प्रयोगशाळा त्यांनी हाती घेतली. कंबरेच्या कातडीचा कर्करोग झालेले रुग्ण त्यांच्यापुढे आले. तुकडा मेणात घालायचा, पापुद्र्याएवढी पातळ चकती काढायची, रंगवायची. मग भिंगाखाली गुलाबी पसाऱ्यात जांभळे ठिपके दिसतात. रोग कुठला ते ठिपके सांगतात, तो नेमका कंबरेलाच का, हे सांगत नाहीत. त्यासाठी भिंगावरून मान वर करून माणसाच्या नेसण्याकडे बघावं लागतं. जन्मभर एकाच जागी करकचून आवळलेलं धोतर, तिथं काचलेली कातडी, वर्षानुवर्षं तेच. जळकं टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा आणि खैनी खाणाऱ्यांच्या ओठाआडचा कर्करोगही त्यांनी असाच सवयींशी जोडला. 1945 चा तो निबंध. मला त्यातलं धोतर विसरता येत नाही. आमच्या आजोबांच्या कमरेला तसाच काळा वळ होता, आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नसे.

खानोलकरांसारखं दोन्हीकडे बघणं, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधन, एकाच माणसाला रीतसर शिकवायचं, ही सोय अमेरिकेत 1964 मध्ये सरकारी पैशानं सुरू झाली. दोन्ही पदव्यांना मिळून साधारण आठ वर्षं, फी माफ, वर विद्यावेतन. तरीही 1979 मध्ये जेम्स वाइनगार्डन या डॉक्टरानं लिहिलंच, की संशोधन करणारा वैद्य ही नामशेष होत चाललेली जात आहे. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) एम.डी.-पीएच.डी.ची योजना काढली. जागा मोजक्याच.

माझ्या भाचीच्या डोक्यात हेच खूळ आहे. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस झालं, एम.डी.ची तीन वर्षं संपत आली आणि आता तिला पीएच.डी. करायचीय. म्हणजे आणखी चार-पाच वर्षं. जेवताना ती म्हणाली, "मामा, वॉर्डात रात्री दोनला फोन आला की धावत सुटायचं. पेशी तशा नाहीत. त्या त्यांच्या वेळेनं वाढतात, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या मरून जातात. मग सोमवारी पुन्हा पहिल्यापासून." हे ती तक्रारीच्या सुरात नाही, कौतुकानं सांगत होती. ताईनं ताटात आमटी जरा जोरातच वाढली.

मी तिला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण दिलं. त्यांच्याकडे कुठं होती जोडपदवी? पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की त्यांचा मुलूख. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेली पोरं यायची, फुफ्फुसात पाणी भरून तोंडाला फेस येऊन दगावायची. हा माणूस खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब टिपत राहिला. 1982 मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं. पुढं प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून त्यांनी चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एका टक्क्यावर आणले.

"त्यांनी झोप विकून केलं ते," भाची म्हणाली. "सगळ्यांनी तसंच करायचं का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पदवीपेक्षा तिला हवी आहेत ती चार-पाच वर्षं, कुणीतरी पगार देऊन राखून ठेवलेली. आणि मला ती मागणी रास्त वाटते. 4 जून 2021 ला देशातला पहिला कार-टी उपचार याच ॲक्ट्रेकमध्ये झाला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, कर्करोगाची पेशी ओळखण्याची सोय त्यांच्यावर बसवायची, वाढवायच्या आणि पुन्हा त्याच्याच शिरेत सोडायच्या. तंत्र घडलं आयआयटी मुंबईत, रुग्ण टाटाचा. मधली वर्षं दोन्हीकडची भाषा कळणाऱ्या माणसांनी रेटली, आणि अशी माणसं आपोआप तयार होत नाहीत.

ताईचा प्रश्न मात्र वेगळाच होता. पनवेलच्या लाईन आळीत भाऊजींनी लेकीच्या दवाखान्यासाठी गाळा घेऊन ठेवलाय. शटर गंजत चाललंय.

"अगं, मग त्या गाळ्याचं काय करायचं?"

"भाड्यानं दे, आई. खालच्या मेडिकलवाल्याला हवाच आहे तो."