तेल्हाऱ्याहून मालवणला

आम्हां तेल्हारेकरांचे समुद्राशी नाते ते काय, असे कोणीही विचारील. उत्तरेला सातपुडा, सभोवार कपाशी. होडी पाहायची ती चित्रात! पण मिठाची ओळख मात्र आम्हांला जन्मापासूनची. आमच्या तालुक्यातली कितीतरी गावे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतात. विहीर खणावी, पाणीही लागावे, आणि ते तोंडात धरवू नये! वान धरणाचे पाणी नळाने आले, तेव्हा कुठे पुष्कळ घरांची तहान भागली.

अशा मुलखातला माणूस मालवणला जातो तो वाळू आणि होड्या पाहायला. शेगावला गाडीत बसावे, मुंबईला गाडी बदलावी. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून कुडाळपर्यंत रुळांवरूनच जाता येते. पुढे मोटारीने तासाभरात मालवण. पावसाळ्यात किल्ल्याकडच्या होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतर निघावे हे उत्तम. दक्षिणेला तारकर्लीची पांढरी वाळू आणि नितळ पाणी. त्याच्याही पुढे देवबाग. तिथे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला दर्या आणि मधे नारळीच्या बागा. शिडाच्या होड्या आता थोड्या, बहुतेकींना यंत्रे बसली आहेत. पण लाटेवर होडी डुलू लागली की वऱ्हाडी माणूस अजूनही काठ घट्ट धरून बसतो.

मालवणच्या धक्क्यावरून होडीने थोड्याच वेळात सिंधुदुर्ग गाठता येतो. कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला; १६६७ साली तो पुरा झाला. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव लागले. तटाच्या आत तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारा दर्या, आणि आत गोडे पाणी! ओंजळभर पाणी चाखून आमची मंडळी उद्गारली, "अव माय! दर्यात गोड पानी, अन् आपल्या वावरात खारं!"

होडीवाला हसून म्हणाला, "वैनी, ह्या सगळा पावसाचा पाणी."

खरे तेच आहे. बेटात मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके, म्हणून ते वर राहते. आमच्याकडे पूर्णेच्या गाळातच मीठ साचलेले, पाऊस बेताचा, निचरा मंद. त्यामुळे खोल जावे तसे पाणी अधिक खारे. कारणे निराळी, पण दोन्हीकडे गोडवा वरच्या थराचा, पावसाने दिलेला. उपसा फार झाला की खालचे मीठ वर सरकते. म्हणून खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला खोल बोअरपेक्षा शेततळे अधिक मोलाचे.

समुद्रस्नान, सोलकढी, होडीची सैर यांसाठी मालवणला अवश्य जावे. पण साखरबावेच्या काठाशी घटकाभर थांबावे. किल्ला बांधणाऱ्यांनी तटाइतकीच पाण्याचीही काळजी वाहिली होती. गाव राखायचे तर आपल्यालाही तीच वाहिली पाहिजे.