पुसलेल्या चार ओळी

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला की आमच्या बॉथेलच्या घरात घड्याळं एक तास मागे करण्याचा कार्यक्रम होतो. साडेबारा तास पुढे असलेलं पुणं साडेतेरा तास पुढे जातं, आईच्या फोनची वेळ बदलते, आणि मला एका मुलाची आठवण येते. त्याला मी कधी पाहिलेलं नाही.

नोकरी सांभाळून मी एक छोटासा ओपन सोर्स प्रोग्रॅम चालवतो. कामाच्या पाळ्यांचे तास मोजणारा. कोणीही वापरावा, कोणीही चुका दाखवाव्यात. कोणाचं लिखाण ठेवायचं आणि कोणाचं काढायचं, हे मात्र माझ्या हातात. २०२१ च्या उन्हाळ्यात या मुलानं सर्वांसमोर लिहिलं, "हा कोड लिहिणाऱ्याला घड्याळ कळतं का?" खाली आणखी चार ओळी होत्या. त्या मी धड वाचल्याच नाहीत. 'उद्धट भाषा' असं कारण देऊन सगळंच पुसून टाकलं. (खरं सांगतो, राग भाषेचा नव्हताच. अमेरिकेत मास्टर्स केलेल्या माणसाला घड्याळ कळत नाही म्हणजे काय!)

नोव्हेंबरात रात्रीचा एक ते दोन हा तास नेहमीप्रमाणे दोनदा आला. माझ्या प्रोग्रॅमनं तो एकदाच मोजला. रात्रपाळीवाल्यांचा एक तास गायब! ईमेलमध्ये त्या मुलाच्या मजकुराची प्रत उरली होती. चार ओळींत नेमकं हेच लिहिलं होतं.

आमच्या धंद्यात जाहीर खरडपट्टी नवी नाही. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स त्यासाठी प्रसिद्धच होता. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यानं आपल्या वागण्याची माफी मागितली, काही आठवडे काम दुसऱ्यावर सोपवलं, आणि त्याच वेळी लिनक्सला नवी आचारसंहिता मिळाली. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. अजूनही वाजवीन, शिव्या खाऊन कोणी चांगला कोड लिहीत नाही. पण त्याच आचारसंहितेच्या आडोशाला माझ्यासारखा दुखावलेला अहंकारही बसू शकतो, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. सामाजिक सुधारणांवरून टिळकांशी पटेना, तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. ओपन सोर्समध्ये याला फोर्क म्हणतात. पटलं नाही तर तोच कोड घ्यायचा आणि वेगळी चूल मांडायची. त्या मुलानंही मांडली होती. त्याच्याकडे तास बरोबर मोजले जात होते.

मी त्याचा मजकूर पहिल्या ओळीसकट परत लावला. आडनाव मराठी होतं, म्हणून माफी मराठीतच लिहिली. तीन दिवसांनी उत्तर आलं :

"ठीक आहे सर. मार्चमध्ये तुमच्याकडे एक तास जास्त मोजला जातो. तेही बघून घ्या."