नखाला न अडणारा रिव्हेट

डिकलच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या खुणांच्या, कागदावरचा केशरी मला पटला नाही. पावलीपेक्षाही लहान वर्तुळ, बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. 1950 पासून आपल्या हवाई दलाच्या विमानांवर असतं तेच. कागद परदेशात छापलेला. हिरवा नीट जमलाय, पांढरा दाट आहे, पण केशरी म्हणून जो छापलाय तो सरळसरळ शेंदराकडे गेलेला. उन्हात धरला, ट्यूबलाइटखाली धरला, झेंड्याच्या फोटोशेजारी धरला. शेंदरी तो शेंदरीच. एवढ्याशा ठिपक्यात कोणाला काय दिसणार, असं घरचे म्हणतात. मला दिसतं. मग पिवळ्या आणि नारिंगी रंगाच्या दोन बाटल्या, गोल कापणारा कंपास आणि मास्किंगचा पातळ कागद एवढी नवी खरेदी झाली. वर्तुळं आता चिकटवायची नाहीत, रंगवायची.

विमान मिग-21 बिस. रशियाच्या झ्वेझ्दा कंपनीचा किट, माप 1:72. हे माप इंचफुटांच्या हिशेबातून आलंय: सहा फुटांचा एक इंच. म्हणजे सहा फुटी वैमानिक इथे इंचभर उंचीचा. 1936 साली इंग्लंडमध्ये फ्रॉग कंपनीने 'पेंग्विन' नावाने प्लॅस्टिकचे पहिले किट काढले तेही याच मापात. पुढे युद्धात आपलं कोणतं, शत्रूचं कोणतं हे टेहळणी करणाऱ्यांना ओळखता यावं म्हणून याच मापाची विमानं त्यांच्या हातात दिली गेली. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, माझ्याकडच्याचा जेमतेम 10 सेंटिमीटर. तळहातावर आरामात मावतं.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदिगढला मिग-21 ला निरोप दिला, तेव्हा नवरात्र चालू होतं. 1963 मध्ये याच चंदिगढला त्याची पहिली तुकडी उभी राहिली होती. टीव्हीवर ते शेवटचं उड्डाण पाहिलं आणि कपाटावरचा खोका खाली काढला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली त्यात या खोक्याची हत्यारंही मांडली, झेंडूच्या पाकळ्यांसकट.

या हत्यारांबद्दल मला प्रेमाने लिहायचंय. आमच्या मानपाड्यात मॉडेलचं दुकान नाही. डोंबिवलीच्या चार रस्त्यापासून निघालेला मानपाडा रोड कल्याण-शीळ रस्त्याला मिळेपर्यंत काय काय विकतो! टाइल्स, पडदे, गाड्यांचे टायर, साड्या, इडलीचं पीठ. विमान मात्र कुठेही नाही. आणि तरीही माझ्या टेबलावरचं बहुतेक सगळं याच रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास मिळालं. कापायला सर्जिकल दुकानातलं 11 नंबरचं पातं आणि त्याला बसणारी 3 नंबरची मूठ. हे पातं सर्जनच्या हातासाठी केलेलं असतं, म्हणून प्लॅस्टिकच्या फांदीवरून सुटा भाग काढताना ते जिथे ठेवाल तिथेच जातं. गोंद सोडायला इन्सुलिनची सिरिंज. घासायला हार्डवेअरवाल्याकडचा वॉटर पेपर, 400 पासून 2000 पर्यंत. भेगा बुजवायला गाड्या रंगवणाऱ्यांची पुट्टी आणि त्यांचाच एनसी थिनर. बारीक कानशी आणि टोकदार चिमटा सोनाराच्या हत्यारांच्या दुकानातून. आणि फवारणीचा एअरब्रश, 0.3 मिलिमीटर तोंडाचा, छोट्या कॉम्प्रेसरसह, केकच्या सामानाच्या दुकानातून. हल्ली केकवर रंग त्यानेच मारतात. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "कुठल्या थीमचा केक आहे, दादा?" मी विमान म्हटल्यावर त्यांनी लगेच निळा खाद्यरंगही काढून दिला. तोही घेतला. अजून तसाच आहे, पण घेतला याचा आनंद आहे.

छंदाचं स्वतंत्र दुकान नाही म्हणून हळहळणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. सर्जन, सोनार, गाडीचा पेंटर, केक करणारी बाई, या सगळ्यांच्या हातातलं काही ना काही टेबलावर येतं आणि दुकानदार सहज विचारतात, कशाला हवंय? सांगितलं की तेही आपल्या धंद्यातली एखादी युक्ती सांगतात. पुट्टी एकदम जाड भरू नका, पातळ थर द्या आणि रात्रभर सोडा, हे मला गॅरेजमधल्या पेंटरने शिकवलं. पाऊस पडत असताना लॅकर मारू नका, पांढरट फुटेल, हेही त्यानेच. जुलैच्या डोंबिवलीत त्याचं म्हणणं ब्रह्मवाक्य आहे. हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते आणि काळा रंग राखाडी होतो. म्हणून फवारणी ऑक्टोबर लागल्यावर.

किट मात्र बाहेरून येतो आणि तिथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. सीमाशुल्काच्या तक्त्यात 9503 हा खेळण्यांचा गट. बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी आणि त्यांच्याबरोबर लहान मापातली मॉडेल्स. 2020 च्या अर्थसंकल्पात या गटावरचा कर 20 टक्क्यांवरून 60 वर गेला, 2023 मध्ये 70 वर. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. लहान मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूंसाठी हे सगळं योग्यच आहे. पण चेक, जपानी, रशियन कंपन्यांचा सुटे भाग जोडण्याचा किट हे तोंडात घालायचं खेळणं नव्हे. त्याला शैक्षणिक साहित्याच्या रांगेत बसवावं, असं माझं ठाम मत आहे.

कारण मी जे शिकलो ते अशाच एका वस्तूतून, आणि ती विमानाची नव्हती.

माझा मामा ओझरला 'मिग'मध्ये होता. नाशिकच्या पुढे आग्रा रोडवर हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना, 1964 पासूनचा. तिथे आधी एफएल, मग एम, मग बिस असे सहाशेहून अधिक मिग-21 बांधले गेले. आजूबाजूच्या गावांत कोणी एचएएल म्हणत नसे. मामा मिगला गेलाय, मिगचा दवाखाना, मिगची शाळा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कल्याणला गाडीत बसायचो, कसाऱ्याचा घाट चढून नाशिकरोडला उतरायचो आणि पुढे बस. क्वार्टर्समध्ये सकाळी दोरीवर कपडे वाळत घालत असताना अचानक आभाळ फाटल्यासारखा आवाज व्हायचा, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. मामी वरही पाहायची नाही. चिमटा तोंडात धरून धोतराची दुसरी कड झटकायची.

कारखान्यात आम्हाला प्रवेश नव्हता. मामा तिथलं काही बोलायचाही नाही. पण त्याच्या घरी ॲल्युमिनियमची एक पेटी होती. नाशिकच्या भांडीबाजारातून पत्रा आणून त्याने ती स्वतः केलेली, आजीच्या शिवणाच्या सामानासाठी. कडांना चारी बाजूंनी रिव्हेटच्या रांगा. मी आणि मामेभाऊ तिच्यावर बसून पत्ते खेळायचो. एका दुपारी मामा म्हणाला, "डोळे मीट. आता झाकणावर नख फिरव. सांग, रिव्हेट कुठे आहेत."

मी नख फिरवलं. नख कुठेही अडलं नाही. पत्रा सलग होता. डोळे उघडले तर नखाखालीच रिव्हेटची अख्खी रांग.

"आता पेटीच्या खाली फिरव."

खाली नख लगेच अडलं. तिथे साधे, गोल डोक्याचे रिव्हेट होते. "खाली कोण बघतंय? तिथे साधे चालतात," मामा म्हणाला. "पण वरचे तसे नाहीत चालत. विमानाच्या अंगावर डोकं वर राहिलं तर वारा अडतो." मग त्याने सांगितलं. आधी भोक पाडायचं. भोकाच्या कडेला राहिलेली धार काढायची, नाहीतर पत्रा पत्र्याला नीट चिकटत नाही. मग भोकाचं तोंड तिरकं कापायचं, रिव्हेटचं डोकं ज्या कोनात आहे त्याच कोनात. जास्त कापलं तर डोकं आत बुडतं, कमी कापलं तर वर राहतं. मग एक जण बाहेरून गन लावतो, दुसरा आतून जड लोखंडी ठोकळा टेकवून धरतो. त्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ठोक्यांच्या खुणेवर सगळं चालतं. आतला माणूस बाहेरच्याला दिसत नाही. "बारा-बारा तास एकमेकांचं तोंड न बघता काम करायचं," मामा म्हणाला, "आणि दोघांचं काम एकाच रिव्हेटमध्ये."

ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान आणि आजीची सुया-दोऱ्यांची पेटी, दोन्हींना त्याने तोच नियम लावला होता. घरी बनवायच्या पेटीला वरून कोणता वारा अडणार होता? पण त्याच्या हाताला दुसऱ्या पद्धतीने करताच येत नसावं. आजी गेल्यावर ती पेटी मामेभावाकडे आली. आता त्यात विजेची बिलं असतात. मी गेलो की आजही झाकणावर नख फिरवतो.

म्हणून 2000 चा वॉटर पेपर. 1:72 मध्ये हिशेब फार निर्दय असतो. मॉडेलच्या पंखावर 1 मिलिमीटरची फट राहिली तर ती खऱ्या विमानावर 7.2 सेंटिमीटरची झाली. हाताची चार बोटं आत जातील. साचा कापणाऱ्यांनी पत्र्याचे सांधे दाखवायला कोरलेली रेघ 0.2 मिलिमीटरची असली तरी प्रमाणात ती जवळजवळ दीड सेंटिमीटर भरते. इतकी रुंद फट असलेला एकही भाग मामाने पुढे जाऊ दिला नसता. मी या रेघा पुट्टीने अर्ध्या बुजवतो, घासतो आणि पुन्हा नखाने तपासतो. काही मॉडेलकार मंडळी या रेघा काळ्या रंगाने भरून ठळक करतात. फोटोत ते उठून दिसतं हे खरं. मला मात्र रेघ दिसण्यापेक्षा ती असल्याचं जाणवणं जास्त आवडतं.

रंगांचंही तसंच. युद्धकाळात रंग म्हणजे जीव. आमच्यापासून जवळच, मलंगगडाच्या रस्त्यावर नेवाळीची धावपट्टी आहे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शेतजमिनी घेऊन केलेली. त्या जमिनींवरून 22 जून 2017 रोजी शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, ते इथल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. ती धावपट्टी झाली त्याच काळात पूर्वेकडच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरच्या वर्तुळातून लाल रंग पुसून टाकला गेला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि घाईत आपल्याच माणसाकडून गोळी सुटे. निळ्यात निळा, एवढंच वर्तुळ उरलं. मग 1971. तोवर आपले मिग-21 एफएल उघड्या धातूच्या चकाकीत उडत. युद्ध आल्यावर ते झाकायला हवे होते, आणि तुकड्यांनी आपापल्या तळावर, मिळेल त्या हिरव्या-तपकिरी रंगांनी, हाताने रंगवले. 14 डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेट डागणारे मिग याच काळातले. त्यामुळे एका विमानासारखं दुसरं नाही. जगभरचे मॉडेल बनवणारे जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंवर भिंग धरून बसतात आणि तो हिरवा नक्की कोणता होता यावर भांडतात. काळ्यापांढऱ्या फोटोतून हिरवा कसा सांगणार? तो फक्त ज्याने ब्रश धरला त्याला माहीत.

ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. माझा मामा गेला. त्याला मी रंगाबद्दल कधी विचारलंच नाही, आमचं सगळं बोलणं रिव्हेटचं झालं. पण ओझर, नाशिक, पुणे, डोंबिवली, ठाणे इथल्या कितीतरी घरांत हवाई दलातून किंवा 'मिग'मधून निवृत्त झालेले आजोबा असतील. त्यांना विचारा. डबा कुठून आला, रंग पातळ करायला त्यात काय मिसळलं, ब्रश किती रुंद होता, पंखाखाली कोणता रंग मारला. जे सांगतील ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. रंगाचा जुना डबा, नमुन्याची पट्टी, अल्बममधला रंगीत फोटो सापडला तर भंगारवाल्याला देऊ नका. आपल्या हवाई दलात मिग-21 आता उडत नाही. त्याचे खरे रंग माहीत असलेली माणसं अजून आहेत, आणि हे काम या वर्षीच करायला हवं.