मोडीत घालण्याआधी

शेतकऱ्याच्या घरात वस्तू येते ती वाजतगाजत आणि जाते ती गुपचूप. नवा हंडा लग्नात येतो, नवे औत हळदकुंकू लावून दारात उभे राहते. पण जुना हंडा आणि मोडके औत घराबाहेर पडते ते बहुधा अडचणीच्या दिवशी, शेजाऱ्याच्या नजरेस पडू नये अशा बेताने. मग ते पडेल त्या भावाने जाते. माझे म्हणणे एवढेच आहे की, घरातली नको असलेली वस्तू जरूर विकावी. पण आपल्या सवडीने विकावी. गरज दारात येऊन उभी राहीपर्यंत थांबू नये.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात मी बी.एस्सी. झालो. तिथे माती, बियाणे, कीड यांचे ज्ञान मिळाले. अडगळीचे ज्ञान आईने दिले. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरचा तांब्याचा हंडा मोडीत गेला. मी तेव्हा पाळण्यात होतो. आई सांगायची, व्यापाऱ्याने हंडा उलटा करून ठोकून पाहिला, डाग दिलेला आहे म्हणून वजनात घट धरली आणि वर भाव लावला पितळेचा! घरातली मिलोसुद्धा संपली होती, त्यामुळे 'नाही' म्हणायची सोय नव्हती. त्या हंड्यावर आजीचे नाव कोरलेले होते. आई म्हणायची, "हंडा गेल्याचं दुःख न्हाई रे बाबा. तांब्याला त्यो पितळ म्हणला आन् आम्ही मान हलवली, त्याचं वाटतं."

त्या दुष्काळानंतर रोजगार हमी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. भुकेपायी भांडी विकण्याची वेळ कमी झाली. पण दवाखाना, मुलांची फी, दुबार पेरणी यांच्यापायी ती अजूनही येते.

पेडगाव हे परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. इथल्या शिवारात कामानिमित्त माझे सतत जाणे-येणे असते. घरोघरी बसणे होते. माळवदाची घरे जाऊन सिमेंटची झाली, पण जुन्या घरातली अडगळ नव्या घरात आलीच. पितळेची पातेली माळ्यावर पडून आहेत, कारण कल्हईवाला आता येत नाही. मोटेचे चाक आहे, पण विहिरीवर कधीचाच वीजपंप बसला. फाटका बारदाना, गंजलेले फाळ, मुलांच्या जुन्या वह्या, फवाऱ्याच्या नळ्या आणि या सगळ्याच्या मध्ये ज्वारीची पोती.

अडगळ म्हणजे उंदराचे माहेर. उंदरीला तीन आठवड्यांत पिले होतात आणि एका वेताला सहा-आठ होतात. जुन्या बारदान्याच्या शिवणीत सोंडे दडून राहतात आणि नव्या धान्यात उतरतात. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. पण हातभर जागा मोकळी तर हवी ना!

गेल्या चैत्रात एका घरी गेलो, तेव्हा दोघे भाऊ सगळी अडगळ भंगारवाल्याला उक्ती देऊन टाकायला निघाले होते. तेवढ्यात त्यांची म्हातारी माय उंबऱ्यावर येऊन बसली. "आधी समदं अंगणात मांडा," ती म्हणाली, "काय हाय ते बघू, मंग इका." मुलांनी मांडले. सारे अंगण भरले. मलाही हात लावावा लागला.

प्रथम धातू निवडला. तांबे, पितळ, कासे, जर्मन आणि लोखंड यांचे पाच ढीग केले. उक्ता सौदा झाला असता तर हे सगळे एका भावात गेले असते. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, कासे तांबे आणि कथिलाचे होते. तांबे व कासे पितळेपेक्षा महाग, म्हणून ते कधीही पितळेत मिसळू देऊ नये. प्रत्येक ढीग घरच्या काट्यावर तोलून वजन वहीत मांडले. भंगारवाल्याच्या काट्यावर सरकारी शिक्का आहे का, तेही पाहिले. दोन गावांतल्या भंगारवाल्यांना भाव विचारला, तेव्हा आकड्यांत चांगलाच फरक निघाला.

मग अवजारे. तिफण आणि दोन कोळपी नुसती धूळ खात होती, पण शाबूत होती. अशी वस्तू वजनावर देऊ नये. गावातल्याच एका एकबैली शेतकऱ्याने कोळपी घेतली. त्याला स्वस्त पडली आणि यांना भंगारापेक्षा जास्त मिळाले.

एका ट्रंकेत कागद होते. धाकटा म्हणाला, "रद्दीत घालू." मी थांबवले. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुने कागद उर्दूत आणि मोडीत असतात, म्हणून ते निरुपयोगी वाटतात. पण २०२३ साली निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा अशाच कागदांसाठी माणसे तालुक्याच्या गावी खेटे घालू लागली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जुनी खरेदीखते यांना रद्दीचा भाव नसतो. वाचता येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावे. ट्रंकेच्या तळाशी हाली शिक्क्याचे चार चांदीचे रुपयेही निघाले. ते नातवंडांसाठी राहिले.

कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या भंगारात दिल्या जातात, कुणी त्यात तेलही भरतो. हे प्राणाशी खेळणे आहे. बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतावे, बाटलीला भोक पाडून ती वस्ती आणि पाण्यापासून दूर खोल पुरावी. तिथे एंडोसल्फानची एक अर्धी बाटलीही सापडली. ते औषध २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केले. असे जुने औषध विकू नये, ओढ्यातही ओतू नये. कृषी कार्यालयात विचारावे.

शेवटी एक पितळेची परात उरली. थोरला तिला ढिगात टाकणार, तोच माय म्हणाली, "साहेब, ही माझ्या माहेरची हाय. इकायची का ठिवायची, ते म्या सांगन." अंगण गप्प झाले. तिचे म्हणणे रास्त होते आणि कायद्याचेही होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर बाईला भेट मिळालेली वस्तू तिच्या पूर्ण मालकीची असते. आपल्या घरांत भांडी बायकांची आणि सौदा पुरुषांचा, ही रीत बदलली पाहिजे. मायने परात ठेवली. आपलाच एक मोठा हंडा मात्र आपणहून काढून दिला. "ह्यो आता उचलत न्हाई," म्हणाली. थोरल्या सुनेने जुनी लुगडी बाजूला घेतली, त्यांच्या वाकळी होतील.

सगळेच विकावे असे मी म्हणत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास असल्याच घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, भांडी आणि दारेसुद्धा. आपल्या वारलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली ते शासनाच्या हवाली केले. आपल्या घराचे संग्रहालय करायला जागा नाही. पण आजीची आठवण म्हणून एखादी वस्तू घासूनपुसून फडताळात ठेवावी. माळ्यावर पडलेल्या दहा वस्तूंत आठवण नसते, धूळ असते.

त्या घरात आलेल्या पैशात सोयाबीनचे बियाणे आणि नातीची फी भागली. सावकाराकडे जावे लागले नाही. खोली मोकळी झाली आणि पोती फळ्यांवर चढली.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा मृगाआधी एक दिवस माळा उतरवा. घरातली सगळी माणसे हजर असू द्या, म्हातारी तर आवर्जून. भंगारवाल्याला निरोप धाडायचा तो दुसऱ्या दिवशी.