परवाना विकणाऱ्याला असावा, पिणाऱ्याला नको

महाराष्ट्रात दारू पिणं हा कायद्याच्या दृष्टीने मुळात गुन्हा आहे. परवाना जवळ असेल तर तो गुन्हा राहत नाही, एवढीच काय ती सवलत. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून उभा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला, वाहून न्यायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. देशी दारूसाठी एक दिवसाचा परवाना दोन रुपयांना, विदेशी मद्यासाठी पाच रुपयांना, वर्षाचा शंभर रुपयांना आणि आजन्म परवाना हजार रुपयांना मिळतो. माझ्यासारखा कधीमधी वाईनची बाटली घेणारा माणूस दुकानाच्या जाळीसमोर उभा राहतो तेव्हा त्याला हा कागद सहसा कुणी मागत नाही. दुकानदाराकडे एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं असतात, ती कुणाच्या नावाने भरली जातात हे गिऱ्हाइकाला कळत नाही. दुकानदार, गिऱ्हाईक आणि निरीक्षक या तिघांनाही हे ठाऊक असतं आणि तिघंही त्याविषयी बोलत नाहीत. या व्यवस्थेचा मला मनापासून वीट आला आहे. दारू सुटसुटीत मिळावी एवढ्यासाठी नव्हे, तर एक मोठं राज्य आपल्या लाखो सज्ञान नागरिकांना कायमचं गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभं करून ठेवतं आणि त्यातून कुणाचंच भलं होत नाही, म्हणून.

हा कायदा कोरा कागद नाही, त्याला दात आहेत. कलम ६६ प्रमाणे विनापरवाना पिणाऱ्याला तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो. रक्तात शेकडा ०.०५ किंवा त्याहून अधिक मद्यार्क सापडला, तर तो औषधातून किंवा अशाच एखाद्या वैध कारणाने आला हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणजे एरवी फौजदारी कायद्यात सरकारला जे सिद्ध करावं लागतं, ते इथे माणसाने स्वतः सिद्ध करायचं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पकडायला मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे आणि त्याची मर्यादा याहूनही कडक आहे, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. त्याविषयी माझी तक्रार नाही, ती अंमलबजावणी आणखी कडक व्हावी. पण दारूबंदी कायद्याला गाडीशी, मारहाणीशी, रस्त्यावरच्या दंग्याशी देणंघेणं असायलाच हवं असं नाही. घरात शांतपणे बसून प्यायलेल्या माणसालाही तो लागू होतो. ‘एवढं कोण मनावर घेतं?’ असं म्हणणारे बरेच भेटतात. मला नेमकी त्याचीच भीती वाटते. जो कायदा सर्वांवर लागू आहे पण रोज कुणावरच वापरला जात नाही, तो कधी आणि कुणावर वापरायचा हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहतं. नको असलेली पार्टी, नको असलेला भाडेकरू, पैसे न देणारा हॉटेलवाला, वस्तीतला वकील न परवडणारा मजूर, यांच्यावर तो हवा तेव्हा काढता येतो. क्लबात बसणाऱ्यापर्यंत तो क्वचितच पोचतो.

हा कायदा आला तो प्रामाणिक ध्येयवादातून, हे मी नाकारत नाही. मुंबई प्रांतात १९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळाने पहिला प्रयत्न केला. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. राज्याने दारूबंदीसाठी प्रयत्न करावा असं सांगणाऱ्या राज्यघटनेच्या कलम ४७ चा त्यांना आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या बलसारा खटल्यात मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं वगळली, काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा वैध ठरवला. त्यामुळे घटनेने मला दारू पिण्याचा हक्क दिला आहे असा माझा दावा नाही. प्रश्न परिणामांचा आहे, आणि परिणाम मुंबईने पुढची दहा-बारा वर्षं पाहिले. वांद्रे, माहीम, धोबीतलाव भागांत घराघरांत गुत्ते चालू लागले, धारावी आणि अँटॉप हिलच्या दलदलीत हातभट्ट्या पेटल्या. वरदराजन मुदलियारसारख्या गुंडांच्या साम्राज्याची पायाभरणी गावठी दारूच्या धंद्यावर झाली. हप्त्यांची एक अख्खी साखळी या काळात तयार झाली आणि ती दारूपुरती राहिली नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल करावी लागली ती यामुळे. पण सैल करताना कायदा बदलला नाही, त्याला परवान्याचं भोक पाडलं. त्या भोकातून आजचा सगळा व्यवहार चालतो.

आज राज्याला मद्यावरच्या उत्पादन शुल्कातून दरवर्षी वीस हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं, आणि या व अशा उपायांतून १४,००० कोटींची जादा भर अपेक्षित धरली. त्याच राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून नाशिक आणि सांगलीच्या शेतकऱ्यांना वाईनकडे वळवलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क उभे केले. धान्यापासून मद्य बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान दिलं. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचा निर्णय झाला, विरोध झाला आणि निर्णय बारगळला. दुसरीकडे वाईन शॉपचे नवे परवाने १९७० च्या दशकापासून जवळपास गोठलेले आहेत. राज्याची लोकसंख्या दुपटीहून वाढली, दुकानं सुमारे सतराशेच राहिली. त्यामुळे जुना परवाना ही कोट्यवधींची मालमत्ता झाली आणि नव्या उपनगरांत, वाढलेल्या गावांत ती जागा चोरट्या विक्रीने भरून काढली. कर वाढवला की गोव्याहून येणाऱ्या दारूला आणखी भाव येतो. सावंतवाडीजवळच्या इन्सुली तपासणी नाक्यावर पकडलेल्या मालाच्या बातम्या संपत नाहीत, तस्करी वारंवार करणाऱ्यांना मोक्का लावण्याची भाषा सरकारला २०२२ मध्ये करावी लागली. पिणाऱ्याच्या खिशातला पाच रुपयांचा कागद यातलं काहीही रोखत नाही.

वयाची अटही अशीच. सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण हवीत. अठराव्या वर्षी मत देता येतं, पंचविसाव्या वर्षी आमदार होता येतं. म्हणजे विधानसभेत जाऊन दारूचा कायदा करण्याचं वय आणि एक पेग विकत घेण्याचं वय आपल्याकडे एकच आहे. शेजारच्या गोव्यात ते १८ आहे. कोवळ्या वयात दारू लागू नये हे मला पूर्ण मान्य आहे, आणि २१ ची अट सर्व प्रकारांना लावून काऊंटरवर ओळखपत्र खरोखर तपासलं तर त्याचा उपयोग होईल. २५ ची अट कुणी पाळत नाही म्हणून तिच्याबरोबर २१ चीही पाळली जात नाही.

आता यावरचा सर्वांत मोठा आक्षेप. तो मी हलक्याने घेऊ शकत नाही. दारूचा खरा हिशेब बाई देते, असं या राज्यातल्या बायका गेली कित्येक वर्षं ओरडून सांगत आहेत. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली ती लोकांच्या चळवळीतून. चंद्रपूरच्या बायकांनी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला आणि १ एप्रिल २०१५ पासून त्या जिल्ह्यात बंदी झाली. बंदीच्या बाजूने आता पुरावाही आहे. ‘लॅन्सेट’च्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासाने असा अंदाज काढला की २०१६ च्या बिहार दारूबंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिण्याची सुमारे २४ लाख प्रकरणं आणि जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेची सुमारे २१ लाख प्रकरणं टळली. हे आकडे वाचून ‘बंदी कुठेच चालत नाही’ असं ठणकावून सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. पण त्याच बिहारात डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने डझनांनी माणसं मेली. खटल्यांच्या ओझ्याने न्यायालयं इतकी वाकली की तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी २०२१ मध्ये या कायद्याचं उदाहरण दूरदृष्टीच्या अभावासाठी दिलं, आणि २०२२ मध्ये पहिल्यांदा पकडलेल्यांना दंडावर सोडण्याची दुरुस्ती करावी लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी दारू पिणारे बिहारमध्ये १५.५ टक्के निघाले, महाराष्ट्रात १३.९. गुजरातमध्ये ते प्रमाण ५.८ होतं, आणि बंदीचे समर्थक हा आकडा पुढे करतात तो योग्यच आहे. मात्र बंदी बिहार आणि गुजरात दोन्हीकडे असून आकड्यांत एवढी तफावत असेल, तर फरक एकट्या कायद्याने पडलेला नाही. शिवाय जिथे कबुली म्हणजे गुन्ह्याची कबुली, तिथे पाहणी करणाऱ्याला खरं उत्तर मिळेलच असं नाही. गुजरातनेही २००९ मध्ये अहमदाबादेत शंभराहून अधिक आणि २०२२ मध्ये बोटाद परिसरात चाळीसहून अधिक माणसं विषारी दारूने गमावली.

पण समजा, बंदीचे सगळे फायदे मी मान्य केले, तरी ते महाराष्ट्राच्या पदरात पडत नाहीत, कारण महाराष्ट्रात बंदी नाही. आपल्याकडे बंदीचा कायदा आहे आणि विक्री खुली आहे. बिहारच्या बाईला मिळालेला दिलासा इथल्या बाईला मिळत नाही, आणि बंदीबरोबर येणारी लाचखोरी, मर्जी, चोरटा व्यापार हे मात्र सगळं मिळतं. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाड-मालवणीत विषारी दारूने माणसं मेली. मालवणीतल्या मृतांचा आकडा शंभरावर गेला. मिथेनॉल रक्तात गेलं की शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं, आधी डोळे जातात, मग जीव. मेलेले लोक मजूर, रिक्षावाले, हातावर पोट असलेले होते. त्यांच्या जिवाचं रक्षण करायला भट्टीवर, मिथेनॉलच्या टँकरवर, गोदामावर नजर ठेवणारी माणसं लागतात. तीच माणसं परवान्यांच्या पुस्तकांचा हिशेब करत बसतात.

चंद्रपूरची बंदी मे २०२१ मध्ये उठवताना सरकारने अवैध दारू आणि गुन्हे वाढल्याचं कारण दिलं. गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग यांनी त्या निर्णयाला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की बंदी अपयशी ठरली असेल तर अंमलबजावणी सुधारा, बंदी का उठवता? या युक्तिवादात वजन आहे, कारण गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’सारख्या व्यसनमुक्तीच्या कामाने गावागावांत माणसं उभी केली, उपचार जोडले. त्यातून मी घेतो ते असं: तिथे जे काम झालं ते गावाने विक्रेत्याला रोखण्याचं आणि व्यसनीला उपचार देण्याचं. पिणाऱ्याला परवाना विचारण्याचं नव्हे. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे मतदानही याच प्रकारचं आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर मत दिलं की दुकान बंद होतं. माझ्या मते महाराष्ट्राच्या मद्य धोरणातली ही सर्वांत लोकशाहीवादी तरतूद आहे. दुकान वस्तीत हवं की नको हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये महामार्गालगतच्या दुकानांवर पाचशे मीटरची मर्यादा घातली, आणि राज्यांनी, महाराष्ट्रानेही, शहरांतून जाणारे रस्तेच महामार्गांच्या यादीतून काढायला घेतले. वरून आलेल्या अटीतून सरकारने पळवाट काढली. आडव्या बाटलीच्या मतातून ती तितकी सहज काढता येत नाही.

आरोग्याचा मुद्दा उरतो. दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आणि मला ते मान्य आहे. तंबाखूही घातकच आहे. तिथे आपण कर, इशारा, जाहिरातबंदी, वयाची अट आणि सार्वजनिक जागी मनाई वापरतो, पण विडी ओढायला आजन्म परवाना काढायला सांगत नाही. आणि परवान्याने आरोग्याची काळजी घेतली जाते हा समज मे २०२० मध्ये सरकारनेच मोडला. टाळेबंदीत दुकानांसमोर रांगा उसळल्या, मुंबईत दोन दिवसांत विक्री थांबवावी लागली, मग घरपोच सेवा आली आणि परवाने ऑनलाइन मिळू लागले. अर्जदाराचं यकृत कसं आहे, घरी मारहाण होते का, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. दुकानांचे, परमिट रूमचे, कारखान्यांचे परवाने ठेवा, ते पारदर्शक लिलावाने द्या, महिलांच्या मतदानाचा हक्क आणखी सोपा करा, मद्यशुल्कातला ठरलेला हिस्सा प्रत्येक जिल्ह्यातल्या व्यसनमुक्ती केंद्राला कायद्याने बांधून द्या. मिथेनॉलच्या व्यापारावर खरी देखरेख ठेवा. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आणि बायकोवर हात उचलणाऱ्याला सोडू नका. मात्र सज्ञान माणसाने पिण्यासाठी परवाना काढण्याची अट आणि आरोपीवर पुराव्याचा भार टाकणारी तरतूद १९४९ च्या कायद्यातून वगळा. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही की केंद्राची परवानगी लागत नाही. विधिमंडळाच्या एका अधिवेशनात हे होऊ शकतं. आपल्या मतदारसंघातल्या आमदाराला हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा.