चाळीस दाते, चव्वेचाळीस दाते

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास, आणि मधल्या सुट्टीत मराठीत बोलताना सापडलं तर दंड! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मी संपादकांच्या हवाली केले आहेत. विषय मात्र माझा स्वतःचा आहे, आणि तो मला इंग्रजीत सांगताच आला नसता, कारण ते सगळं घडलं मामाच्या अंगणात, शुद्ध मराठीत आणि अधूनमधून अशुद्ध मराठीतसुद्धा.

मामाकडे १९६४ची फोक्सवॅगन बीटल आहे. आजोबांनी ती सेकंडहँड घेतली होती. आमच्या घरात तिला कोणी बीटल म्हणत नाही, 'कासव' म्हणतात. इंजिन मागे, रेडिएटर नाही, पाणी नाही, नुसत्या हवेवर थंड होणारं. अशी गाडी आता कुठेच बनत नाही. जगातली शेवटची जुनी बीटल ३० जुलै २००३ला मेक्सिकोतल्या पुएब्ला इथल्या कारखान्यातून बाहेर पडली, तोपर्यंत २ कोटी १५ लाखांवर गाड्या झाल्या होत्या. त्यातली ही एक.

आजीचं माहेर वाईचं. वर्षातून एकदा तिला कासवातूनच वाईला जायचं असतं, आणि तिथून पसरणी घाट चढून पाचगणीला. मागच्या दिवाळीत परत येताना घाटातल्या एका वळणावर गाडीची मागची बाजू 'उभी राहिली', असं मामा म्हणाला. घसरली नाही, पण क्षणभर उचलल्यासारखी झाली. घरी आल्यावर मामाने जाहीर केलं, "झालं. आता ही विकायची. म्हातारीला घेऊन असला खेळ नको." आजी काही बोलली नाही, पण दोन दिवस मामाशी फक्त कामापुरतं बोलत होती. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

त्यात मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा. त्याच्या डोक्यात दोन वर्षं एकच खूळ : कासव खाली बसवायचं. अमेरिकेत, त्यातही कॅलिफोर्नियात, बीटल खाली बसवून पळवण्याची एक मोठी परंपरा आहे. दादाने मोबाइलवर शेकडो फोटो जमवलेत. "विकण्यापेक्षा लोअर करू ना बाबा! वळणावर चिकटून जाईल." मामाचं उत्तर छापण्यासारखं नाही. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. "तू मेकॅनिकलला आहेस ना? सांग काय ते." दोन्ही पार्ट्यांनी एकदम मला पंच नेमलं. मी एस.ओ.एम. पास झालेली, म्हणजे त्यांच्या दृष्टीने तज्ज्ञच!

तर आधी ही मागची बाजू चालते कशी ते सांगते. या गाडीला मागे गुंडाळलेली स्प्रिंगच नाही. मागच्या सीटच्या खाली, गाडीच्या आडवी एक जाड नळी आहे. त्या नळीत दोन बाजूंना दोन पोलादी बार, दोन सेंटिमीटरपेक्षा थोडे जाड. प्रत्येक बारचं आतलं टोक नळीच्या मध्यावर घट्ट बसवलेलं. बाहेरच्या टोकावर एक लांब पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग प्लेट, जी मागे जाऊन चाकाच्या अक्षाला जोडली जाते. चाक वर उचललं की प्लेट फिरते आणि बार पिळला जातो. ओला टॉवेल पिळतो ना, तसाच. हाच टॉर्शन बार. सेकंड इयरला आपण T/J = Gθ/L घोकतो तो हाच बार, फक्त पुस्तकात त्याच्यावर चिखल नसतो. फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीने या पद्धतीचं पेटंट १९३१ मध्ये मागितलं होतं.

आता अक्ष. १९६४च्या मॉडेलला 'स्विंग अ‍ॅक्सल' आहे. म्हणजे प्रत्येक बाजूचा अक्ष फक्त गिअरबॉक्सपाशी वाकतो, चाकापाशी वाकत नाही. त्यामुळे गाडी जॅकवर चढवली की मागची दोन्ही चाकं खालून आत दुमडतात, मांडी घालायला निघाल्यासारखी. आणि गाडी दाबली की उलटं, चाकं खालून बाहेर फाकतात. चाकाच्या या कलाला कॅम्बर म्हणतात. वळणावर बाहेरच्या चाकाला रस्ता आत ढकलतो, तो जोर अक्षातून गिअरबॉक्सला वर उचलायला बघतो. बॉडी वर आली की चाक आणखी आत दुमडतं, टायरचा रस्त्याला टेकलेला भाग कमी होतो, आणि मागची बाजू सुटते. मामाला घाटात जे जाणवलं त्याला इंग्रजीत 'जॅकिंग' म्हणतात, आणि खरोखरच ते जॅक लावल्यासारखं असतं. हे काही फक्त बीटलचं दुखणं नव्हे. अमेरिकेतली शेवरले कॉर्व्हेअर, तीही हवेवर थंड होणारी, मागे इंजिनवाली, १९६० ते १९६३ची मॉडेलं स्विंग अ‍ॅक्सलची. राल्फ नेडर यांनी १९६५च्या 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिच्यावरच लिहिलं. पुढे १९७२ मध्ये सरकारी तपासणीने ती त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असं म्हटलं, पण तोवर गाडी बंदही पडली होती. असो. आमचं पुस्तक नव्हे, आमची आजी बसणार होती त्यात.

म्हणजे दादाचं खूळ अगदीच खूळ नव्हतं! गाडी उंच उभी असेल तर चाकं आधीच आत दुमडलेली, उचलली जायला तयार. थोडी खाली असेल तर तेवढी सुरक्षित. प्रश्न होता 'थोडी' म्हणजे किती.

आणि कासव उंच उभं होतं. मागून बघितलं की उंच टाचेचे सँडल घातल्यासारखं दिसायचं. मामाला आठवलं, दहा-बारा वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने "खड्डे फार आहेत साहेब, जरा उचलून देतो" म्हणत मागचं काहीतरी केलं होतं. नजरेच्या अंदाजाने. बिलावर फक्त 'सस्पेन्शन काम' लिहिलेलं.

एका रविवारी चाचा आले. चाचा म्हणजे जुन्या गाड्यांचे मिस्त्री, वय सत्तरच्या पुढे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. गाडी घोडीवर चढवली, चाकं काढली, शॉकअपचा खालचा बोल्ट सोडला. प्लेट आणि अक्ष जिथे जुळतात तिथे चाचांनी छिन्नीने एक रेघ मारली, म्हणजे परत बसवताना चाक पुढे-मागे होणार नाही. मग प्लेट मोकळी लोंबकळत असताना तिचा कोन मोजायचा. पुस्तकात हा कोन अंश आणि मिनिटांत दिलेला असतो. दादाने मोबाइलचं लेव्हलचं अ‍ॅप लावलं, चाचांनी लाकडी कोनमापक काढलं, आणि दोघांचं उत्तर जवळजवळ सारखं आलं याचा चाचांना जास्त आनंद झाला. गाडीची बॉडी थोडी कललेली असते, तो कोन वजा करावा लागतो. हे करून निघालं : डावी बाजू पुस्तकापेक्षा ४ अंश १० मिनिटं जास्त, उजवी ३ अंश २० मिनिटं. दोन्ही बाजू उंच, आणि सारख्यासुद्धा नाहीत!

मला शंका आली ती इथे. बारच्या टोकांना दाते असतात, म्हणजे प्लेट एक एक दाता फिरवूनच बसवता येणार. बाहेरच्या टोकाला मी दाते मोजले : ४४. ३६० भागिले ४४ म्हणजे ८.१८ अंश. एका दात्याला आठ अंश! प्लेटची लांबी ४० सेंटिमीटरच्या आसपास धरली तर चाक जवळजवळ ५८ मिलिमीटर वर किंवा खाली. मग हे चार अंश दुरुस्त करायचे कसे?

चाचा म्हणाले, "बेटा, आतलं टोक मोज."

मडगार्डचे पुढचे बोल्ट ढिले केले, तेव्हा कुठे बार बाहेर सरकायला जागा झाली. आतल्या टोकाला दाते होते ४०.

मला तिथेच, हाताला ग्रीस लागलेलं असताना, फर्स्ट इयरची फिजिक्स लॅब आठवली. व्हर्निअर कॅलिपर! मुख्य पट्टीचे भाग आणि सरकपट्टीचे भाग मुद्दाम थोडेसे वेगळे, आणि त्या फरकातून बारीक माप. पिअर व्हर्निअर या फ्रेंच गृहस्थाने हे १६३१ मध्ये मांडलं, आणि आपण लीस्ट काउंट लिहून जर्नल सबमिट करून विसरतो. इथे आतलं टोक एक दाता फिरवलं की ९ अंश. बाहेरची प्लेट उलट दिशेने एक दाता फिरवली की ८.१८ अंश परत. उरले ०.८२ अंश, म्हणजे ४९ मिनिटं आणि थोडं. पुस्तक त्याला ५० मिनिटं म्हणतं. चाकापाशी जेमतेम ६ मिलिमीटर. एक जास्तीचा स्क्रू नाही, नट नाही, एक पैशाचा जास्तीचा भाग नाही. दोन टोकांना दात्यांची संख्या वेगळी ठेवली, बस! ज्या कोणा इंजिनिअरने ड्रॉइंग बोर्डवर ४० आणि ४४ हे आकडे लिहिले असतील, त्याला मी मनात नमस्कार केला. दोन्हीकडे ४४ केले असते तर ते बनवायला सोपं पडलं असतं, पण मग आजीची गाडी एक तर उंच टाचेवर राहिली असती नाहीतर पोटावर बसली असती.

डावीकडे पाच पायऱ्या, उजवीकडे चार. साधारण २९ आणि २३ मिलिमीटर.

"एवढंच?" दादाचा चेहरा पडला. "अजून एक बाहेरचा दाता घे ना!"

मी त्याला कागदावर दाखवलं. ५८ मिलिमीटर आणखी खाली म्हणजे, अर्धा अक्ष साठेक सेंटिमीटर धरला तर, चाकांचा कल आणखी साडेपाच अंश. टायर आतल्या कडेने काही महिन्यांत खलास. रबरी स्टॉपपर्यंतची जागा संपली की प्रत्येक खड्डा सरळ आजीच्या कमरेत. आणि बार कडक वगैरे काही होत नाही, हा त्याचा मोठा गैरसमज होता. गाडीचं वजन तेच, म्हणून बार तेवढाच पिळला जाणार. आपण फक्त सुरुवातीचा कोन बदलतो, स्प्रिंग तीच. वर सोसायटीच्या फाटकाबाहेरचा गतिरोधक मी पट्टीने मोजला, १४ सेंटिमीटर! इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात तो १० असतो. बीटलचं पोट जमिनीपासून पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, त्यातून मागे सहा वजा करा. शिवाय मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आम्ही करत होतो तो बदल नव्हता, झालेला बदल काढणं होतं. मामाला हे वाक्य इतकं आवडलं की त्याने ते दिवसभरात तीनदा वापरलं.

काम दिसतं तेवढं सोपं नाही हेही लिहायला हवं, कारण वाचून कोणीतरी पाना घेऊन निघेल. प्लेट खालच्या एका ओठावर टेकलेली असते आणि बार तेव्हाही पिळलेलाच असतो. ती ओठावरून सुटली की पहारीसारखी खाली आदळते. चाचांनी आधी तिला साखळी बांधली, आम्हाला दोन पावलं मागे केलं, मगच टामी लावली. आवाज ऐकून आजी खिडकीत आली. बार बाहेर काढल्यावर चाचा त्याला बाळासारखं फडक्यात धरत होते. त्यावर ओरखडा पडला, रंग उडाला, की तिथे गंज धरतो आणि तिथूनच एक दिवस तडा जातो. (फटीग! पुन्हा एस.ओ.एम.) डावा बार उजवीकडे चालत नाही, कारण प्रत्येकाला कारखान्यातच एका दिशेने पीळ दिलेला असतो. नवे रबरी बुश बसवताना चाचांनी खिशातून डबी काढली ती टाल्कम पावडरची. तेल-ग्रीसने रबर फुगतं म्हणून.

संध्याकाळी गाडी खाली उतरवली, गल्लीत दोन चकरा मारून सस्पेन्शन बसू दिलं, आणि दोन्ही बाजूंची उंची मोजली. फरक ३ मिलिमीटर. चाचा म्हणाले, ड्रायव्हर बसला की तोही जाईल.

चार दिवसांनी अलाइनमेंट करून मामा एकटाच पसरणी घाटात जाऊन आला. घरी येऊन चहा होईपर्यंत काही बोलला नाही. मग आजीला विचारलं, "वाईला कधी जायचं म्हणतेस?" आजीने पंचांग मागवलं.

दादा मात्र अजून फोटो जमवतोय. मामाने मोठा पाना आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलंय.